निसर्ग छायाचित्रणासाठी नवी लेन्स: कोणत्या क्रमाने ठरवाल?

‘साठ हजारांचं बजेट आहे, कुठली लेन्स घेऊ?’ पावसाळा सरत आला आणि ताडोबाचं बुकिंग हातात पडलं की हा प्रश्न हमखास येतो. त्यात बजेट असतं. कशाचे फोटो, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात, कुठल्या बॉडीवर (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर), यातलं मात्र काहीच नसतं. मग उत्तर देणाराही स्वतःकडे आहे तीच लेन्स सुचवतो. विचारणारा ती घेतो आणि दोन-तीन सहलींनंतर ती कपाटात पडून राहते, नाहीतर पाण्याच्या भावाने विकली जाते.

लेन्स बहुतेक वेळा चांगलीच असते. निवडताना क्रम उलटा लागलेला असतो: आधी लेन्स ठरते आणि मग तिच्यासाठी विषय शोधला जातो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या टप्प्यांना कागद, पेन आणि तुमचे जुने फोटो एवढंच लागतं; दुकानाचा विषय बराच नंतर येतो.

## १. आधी जुने फोटो उघडा

गेल्या वर्षभरात बाहेर काढलेले सगळे फोटो एका जागी आणा. नावडते, हुकलेलेही आणा. खरी माहिती त्यांच्यातच असते. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा फोकल लेंग्थ (मिलिमीटरमधला आकडा; जितका मोठा, तितका विषय मोठा दिसतो), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं), ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र; ‘एफ/’ नंतरचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता; वाढवला की फोटो दाणेदार होतो) नोंदवून ठेवतो. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा फिल्टरने हे गटागटाने दिसतं. लाइटरूम नसेल तर डिजिकॅम मोफत मिळतं. तेही नको असेल तर विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा.

आता फसलेल्या फोटोंचे ढीग करा. विषय फ्रेममध्ये बारीक दिसतो, तो एक ढीग. विषय पुरेसा मोठा आहे पण हललेला आहे, तो दुसरा. शार्प आहे पण खूप दाणेदार आहे, तो तिसरा. चौथा ढीग अशा फोटोंचा, ज्यांत समोरचं दृश्य फ्रेममध्ये मावलंच नाही.

दुसऱ्या ढिगातल्या फोटोंचा शटर स्पीड बघा. २५० मिमीवर १/१२५ सेकंद असेल, तर तो फोटो नव्या लेन्सनेही हललाच असता. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, हातात धरून काढताना शटर स्पीड फोकल लेंग्थच्या दीडपट तरी हवा, म्हणजे २५० मिमीला साधारण १/४००. फांदीवर बसलेल्या पक्ष्याला १/५०० पासून सुरुवात करा, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. ढिगातले बहुतेक फोटो या मर्यादेच्या खालचे निघाले, तर खरेदी महिनाभर पुढे ढकला. आयएसओ वाढवून, शटर वेगवान ठेवून त्याच लेन्सने पुन्हा फोटो काढा. याने अनेकांचा खर्च वाचतो, म्हणून हा टप्पा सगळ्यात आधी ठेवला आहे.

इथे थांबून बघा: सगळ्यात मोठा ढीग कोणता? पहिला असेल तर टप्पा २, तिसरा असेल तर टप्पा ३, चौथा असेल तर टप्पा ७ तुमच्यासाठी महत्त्वाचा. टप्पा ४ मात्र कुणीच गाळू नका.

## २. अंतर आणि आकार कागदावर मांडा

लेन्सच्या खोक्यावर मिलिमीटर ठळक छापलेले असतात, म्हणून सगळी चर्चा ‘तीनशे पुरेल का सहाशे घेऊ’ इथूनच सुरू होते. तुम्ही विषयापासून सुरू करा. ज्यांचे फोटो तुम्हाला खरोखर काढायचे आहेत असे तीन विषय लिहा. प्रत्येकासमोर दोन आकडे मांडा: त्याची लांबी किंवा उंची, आणि तो सहसा किती अंतरावर असतो.

अंतराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. घरासमोरच्या रस्त्यावर मोठी पावलं टाकून मोजा. मोठं पाऊल साधारण पाऊण मीटरचं धरा. १०, २० आणि ५० मीटरवरची झाडं, खांब, गाड्या किती दूर दिसतात ते एकदा नजरेत बसवा. मग हे सूत्र वापरा:

फ्रेमची रुंदी (मीटर) = सेन्सरची रुंदी (मिमी) × अंतर (मीटर) ÷ फोकल लेंग्थ (मिमी)

फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. निकॉन, सोनी आणि फुजीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ मिमी, कॅननचा २२.३ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ मिमी. खालची सगळी उदाहरणं कॅननच्या क्रॉप बॉडीवरची आहेत.

ताडोबात वाघ रस्त्यावर आला आणि जिप्सीपासून २५ मीटरवर आडवा चालतोय. २०० मिमीवर २२.३ × २५ ÷ २०० म्हणजे फ्रेम २.८ मीटर रुंद. शेपटीसकट वाघ जेमतेम मावतो. याच ठिकाणी ६०० मिमी लावली तर फ्रेम ९३ सेंटीमीटरची उरते, म्हणजे फक्त डोकं आणि खांदा. फक्त १५०-६०० घेऊन गेलेल्याला कमीत कमी १५० तरी मिळते. ५०० किंवा ६०० ची प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घेऊन गेलेल्याकडे चेहऱ्यांचे फोटो खूप होतात आणि जंगलातला वाघ एकाही फोटोत नसतो.

आता तळ्याकाठचा खंड्या, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंटीमीटर, १५ मीटरवर. ३०० मिमीवर फ्रेम १.१ मीटर, म्हणजे पक्षी फ्रेमचा चौथा हिस्सा. ६०० मिमीवर फ्रेम ५६ सेंटीमीटर, म्हणजे अर्धा हिस्सा. इथे ६०० चा फायदा सरळ दिसतो.

भिगवणला होडीतून दिसणारा मोठा रोहित सव्वा मीटरच्या आसपास उंच असतो. तो ६० मीटरवर असेल, तर ४०० मिमीवर फ्रेम ३.३ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच. एक पक्षी उंचीच्या निम्म्याहून जास्त भरतो. थवा हवा असेल तर ४०० सुद्धा जास्त होईल.

आणि अंगणातला शिंजीर, जेमतेम १० सेंटीमीटरचा. ८ मीटरवरून ४०० मिमीनेही फ्रेम ४५ सेंटीमीटरची, पक्षी पाव हिस्साही नाही. पण जास्वंदीजवळ शांत बसून तो ५ मीटरवर आला, तर त्याच लेन्सने फ्रेम २८ सेंटीमीटरची होते. अंतर निम्मं करणं आणि फोकल लेंग्थ दुप्पट करणं, या दोन्हींचा फ्रेमवरचा परिणाम सारखाच असतो. ज्यांचे विषय घराजवळचे छोटे पक्षी आहेत, त्यांनी लेन्सच्या आधी लपणाचा, म्हणजे साध्या कापडी आडोशाचा विचार करावा.

फ्रेमचा किती हिस्सा भरला म्हणजे पुरे? ते फोटो कुठे जाणार यावर आहे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी साधारण ६००० पिक्सेल असते. पाव हिस्सा भरलेला पक्षी म्हणजे १५०० पिक्सेल. मोबाइलवर बघायला, ग्रुपवर टाकायला ते भरपूर होतं. ए-४ आकाराचा ३०० डीपीआयचा प्रिंट हवा असेल, तर लांब बाजूला साधारण ३५०० पिक्सेल लागतात. मग क्रॉप करायला फारसा वाव राहत नाही.

सावध: दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर किंवा पाण्यावर हवा थरथरते. दूरचे फोटो त्यामुळे पातळ, विरघळल्यासारखे येतात. उजनीच्या पाण्यावर उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजले की हे सुरू होतं. लेन्सवर कितीही पैसे घाला, यावर उपाय एकच: लवकर जा आणि जवळ असेल त्याचाच फोटो काढा.

## ३. उजेड बघा, मग ॲपर्चर ठरवा

तुमचे विषय कुठल्या वेळी दिसतात ते त्याच कागदावर लिहा. उघड्या माळरानावर, पाणथळीवर सकाळी आठनंतर एफ/६.३ ची लेन्स चांगली चालते. हिवाळ्यातल्या सकाळच्या सफारीत, बांबूच्या सावलीत, मात्र गणित बदलतं.

एफ/६.३ वर ज्या शटर स्पीडला आयएसओ ६४०० लागतो, त्याच शटर स्पीडला एफ/४ वर २५०० पुरतो आणि एफ/२.८ वर १२५०. जुन्या क्रॉप बॉडीवर ६४०० आणि १२५० मधला फरक म्हणजे केसांचा पोत दिसणं आणि न दिसणं. वरचं वाघाचं गणित आणि हे गणित एकत्र ठेवलं, तर ताडोबासाठी ७०-२०० एफ/२.८ ही लेन्स किती कामाची आहे ते लक्षात येतं. तिच्यावर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) लावला की ९८-२८० एफ/४ मिळते. सफारी हाच मुख्य विषय असलेल्याला मी १५०-६०० च्या आधी हीच बघायला सांगते.

टेलिकन्व्हर्टर फुकट काही देत नाही. १.४ चा एक स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), २ चा दोन स्टॉप. एफ/६.३ च्या झूमवर १.४ लावला की एफ/९ होतं, आणि जुन्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस तिथे हात टेकतो. बऱ्याच डीएसएलआर एफ/५.६ पर्यंतच नीट फोकस करतात, काही मधल्या पॉइंटवर एफ/८ पर्यंत. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडी या बाबतीत पुढे आहेत. कॅननच्या आर मालिकेसाठी तर ६०० आणि ८०० मिमीच्या एफ/११ प्राइम मिळतात. पण एफ/११ ला लख्ख ऊन हवं, आणि त्यांचं ॲपर्चर बदलताच येत नाही.

स्टॅबिलायझेशनबद्दलचा गैरसमजही इथेच काढून टाका. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं. उडी मारणारं माकड किंवा मान वळवणारा बगळा त्याने थांबत नाही. त्यासाठी शटर स्पीडच लागतो आणि शटर स्पीडसाठी उजेड.

## ४. बॉडी आणि माउंट जुळतात का?

या टप्प्यावर चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही, म्हणून घाई नको. तुमच्या बॉडीचं पूर्ण नाव आणि माउंट (लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते ती खाच) कागदावर लिहा.

कॅनन डीएसएलआर असेल तर माउंट ईएफ. क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. पुढे फुल फ्रेमकडे जायचं मनात असेल तर आत्ताच ध्यानात घ्या. ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ माउंटच्या मिररलेसवर उत्तम चालतात. उलटं मात्र होत नाही: आरएफ लेन्स डीएसएलआरवर कुठल्याच अडॅप्टरने कामाची नाही. आरएफ माउंटला सिग्मा, टॅमरॉनचे पर्याय मर्यादित आहेत, म्हणून सेकंड हॅन्ड ईएफ टेलिफोटो (दूरचं मोठं दाखवणारी लेन्स) आणि अडॅप्टर ही जोडी अजूनही बऱ्याच जणांना परवडते.

निकॉनमध्ये गोंधळ जास्त होतो. डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ किंवा एएफ-डी लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. उडत्या पक्ष्यावर ते जमणार नाही. एफटीझेड अडॅप्टर लावून झेड बॉडीवरही तीच अडचण येते. याउलट नव्या एएफ-पी लेन्स डी३१००, डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. हातानेही नाही, कारण त्यांची फोकस रिंगही इलेक्ट्रॉनिक आहे. स्वस्तात मिळाली म्हणून ७०-३०० घेऊ नका. तिच्या नावातली सगळी अक्षरं वाचा.

तपासा: कंपनीच्या संकेतस्थळावर त्या लेन्सच्या पानावर सुसंगत बॉडींची यादी असते. त्यात तुमच्या बॉडीचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुकानदाराच्या ‘बसते की’ वर थांबू नका. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

## ५. वजन: कोण उचलणार, कशावर टेकवणार

कागदावर १९०० ग्रॅम आणि १५०० ग्रॅममध्ये फार फरक वाटत नाही. चार तास चालल्यावर वाटतो. काही खरी वजनं:

कॅनन आरएफ १००-४०० एफ/५.६-८ ६३५ ग्रॅम, निकॉन ३०० एफ/४ पीएफ ७५५, कॅनन ईएफ ४०० एफ/५.६ सव्वा किलो, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १९३०, निकॉन २००-५०० एफ/५.६ तब्बल २३०० ग्रॅम.

घरीच चाचणी घ्या. तुम्ही बघताय त्या लेन्सच्या आणि बॉडीच्या एकत्र वजनाइतकं पाणी बाटल्यांत भरा, पिशवीत घालून गळ्यात अडकवा आणि जवळची टेकडी चढा. वर गेल्यावर ती पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरून शंभर आकडे मोजा. हात कापायला लागले, तर त्या वजनाची लेन्स तुम्ही ट्रेकला नेणार नाही हे आत्ताच मान्य करा. सह्याद्रीत चालत पक्षी बघणाऱ्यांना ३०० ची हलकी प्राइम किंवा १००-४०० झूम जास्त फोटो देते, कारण ती सोबत येते.

जिप्सीत वजनाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे बीनबॅग टेकवता येते. रिकामी पिशवी घेऊन जा आणि मुक्कामाच्या गावी तांदूळ किंवा मूग भरून घ्या. ट्रायपॉड जिप्सीत उभाच राहत नाही. होडीत बीनबॅगचा उपयोग कमी, कारण होडीच हलते. तिथे हातात धरता येईल एवढीच लेन्स न्या.

एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. झूम केल्यावर लांब होणाऱ्या लेन्स प्रत्येक वेळी हवा आत ओढतात, आणि एप्रिल-मेमधल्या जंगलातल्या रस्त्यावर त्या हवेबरोबर लाल माती जाते. सोनी २००-६०० किंवा निकॉन झेड १८०-६०० लांब होत नाहीत, सगळी हालचाल आतच होते. लांब होणारी लेन्स असेल तर गाडी चालू असताना ती आखडून, कापडात गुंडाळून ठेवा. आणि धावत्या जिप्सीत लेन्स बदलू नका.

## ६. फुलं, बेडूक, फुलपाखरं

मॅक्रो, म्हणजे छोट्या विषयांचे अगदी जवळून फोटो काढणारी लेन्स, म्हटलं की १:१ हा आकडा पुढे येतो. १:१ म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराचा उमटतो. क्रॉप सेन्सरवर फ्रेम फक्त २२ मिमीची. आंबोलीचा टोड तीन-चार सेंटीमीटरचा असतो. १:२ वरच तो फ्रेम भरून टाकतो. १:१ ची खरी गरज मुंगी, कोळ्याचे डोळे, फुलपाखराच्या पंखावरचे खवले अशा विषयांना असते.

जास्त महत्त्वाचं असतं ते काम करायचं अंतर. लेन्सच्या माहितीत दिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. १०० मिमी मॅक्रोचं किमान अंतर ३० सेंटीमीटर असलं, तरी लेन्सच्या पुढच्या काचेपासून विषयापर्यंत साधारण वीतभरही जागा राहत नाही. ६० मिमी मॅक्रोला त्याहून कमी. फुलपाखरू तेवढ्यात उडतं आणि फ्लॅश वापरला तर विषयावर लेन्सची सावली पडते. म्हणून बाहेर वापरायची पहिली मॅक्रो ९० ते १०५ मिमीची घ्या. साप हा विषय असेल तर मॅक्रो बाजूला ठेवा आणि लांबून टेलिफोटोनेच काढा.

कास पठारासाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे: मॅक्रो विकत घेऊ नका. तिथे फुलं पायवाटेपासून आत असतात आणि वाट सोडून एक पाऊल टाकलं तरी सीतेची आसवं, गेंद चिरडले जातात. जवळून फोकस करणारी टेलिफोटो तिथे जास्त कामाची. त्यासाठी ‘मॅक्सिमम मॅग्निफिकेशन’ हा आकडा बघा. आरएफ १००-४०० चा तो ०.४१ आहे, म्हणजे क्रॉप बॉडीवर सुमारे साडेपाच सेंटीमीटरची फ्रेम, तीही जवळपास एक मीटरवरून. ईएफ १००-४०० च्या दुसऱ्या आवृत्तीचा ०.३१. निकॉन २००-५०० चा ०.२२, आणि तिला दोन मीटरहून जास्त अंतर लागतं. एकच लेन्स पक्ष्यांनाही आणि फुलांनाही हवी असेल, तर हा आकडा फोकल लेंग्थइतकाच महत्त्वाचा आहे.

## ७. डोंगर आणि आकाश

इथे थोडक्यात सांगते, कारण इथे चुका कमी होतात. निसर्गदृश्य म्हणजे अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स) हे समीकरण सोडा. वाइड लेन्स जवळचं मोठं आणि दूरचं बारीक करते. महाबळेश्वरच्या पॉइंटवरून एकामागोमाग एक दिसणाऱ्या डोंगररांगा १० मिमीवर काढल्या, तर त्यांची एक पातळ रेघ होते. त्या ७०-२०० नेच चांगल्या येतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका फ्रेममध्ये बसवायचा असेल, तर मात्र वाइड हवीच. क्रॉपवर १०-१८ सारखी हलकी लेन्स पुरे.

मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे किंवा आकाशगंगा काढायची असेल, तर एफ/४.५ ची वाइड कमी पडते. एफ/२.८ किंवा त्याहून उजळ बघा. क्रॉपसाठी टोकिना ११-१६ एफ/२.८ सेकंड हॅन्ड बऱ्यापैकी सापडते.

पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) घेणार असाल तर अल्ट्रावाइडवर जपून. आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकं असं चित्र येतं.

## ८. घेण्याआधी भाड्याने आणा

पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने देणारी दुकानं आहेत. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. वरच्या टप्प्यांत टिकलेल्या दोन लेन्सपैकी एक एका शनिवार-रविवारी आणि दुसरी पुढच्या आठवड्यात आणा. दोन्हींना तोच विषय, तीच जागा, सकाळची तीच वेळ द्या. घराजवळचं तळं चालेल. ताडोबाला थेट अनोळखी लेन्स घेऊन जाऊ नका. तिथे झूम रिंग कुठल्या बाजूला फिरते हे शोधण्यातच वाघ निघून जातो.

घरी आल्यावर फोटोंच्या शार्पपणाआधी एक प्रश्न विचारा: किती वेळा लेन्स उचलायचा कंटाळा आला? त्याचं उत्तर प्रामाणिकपणे लिहा.

## ९. विकत घेताना

नवी घेत असाल तर जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही हवेत. बिलावर लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या, लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. बिलाशिवाय बरीच स्वस्त मिळणारी लेन्स बहुधा ग्रे मार्केटची, म्हणजे अधिकृत वितरकाशिवाय आलेली, असते. वॉरंटी बऱ्याचदा त्या-त्या देशापुरती असते, त्यामुळे दुरुस्तीचा पूर्ण खर्च तुमच्यावर येतो.

सेकंड हॅन्ड लेन्स वाईट नसते, पण आपल्या हवेत एक धोका मोठा आहे: बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत ती सहज धरते. तपासायची पद्धत अशी. दोन्ही बाजूंची झाकणं काढा. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा कडेकडेने फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर लेन्स परत द्या. धुळीचे दोन-चार कण चालतात. सगळीकडे पांढुरकी धूसरता दिसत असेल तर तीही नको.

त्यानंतर झूम रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये खरखर किंवा अडकणं नको. फिल्टर लावायच्या कडेला पोचा आहे का बघा, असेल तर लेन्स पडलेली आहे. माउंटजवळचे स्क्रू उकरलेले दिसले तर ती उघडलेली आहे. ती लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावून, दुकानाबाहेर उजेडात, जवळ आणि दूर आलटून-पालटून फोकस करा. मोटरचा आवाज कर्कश येत असेल किंवा फोकस पुढे-मागे भटकत असेल, तर पुढे बोलूच नका.

सावध: उत्पादन बंद झालेल्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळतात का, हे घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. किमतीची घासाघीस त्यानंतर.

मोठ्या लेन्सच्या ९५ मिमी फिल्टरवर पैसे घालू नका. स्वस्त यूव्ही फिल्टरने ६०० मिमीवरची धार जाते. हूड (लेन्सच्या पुढच्या कडेला लावायचं कडं) कायम लावा, आघातापासून तोच वाचवतो. हवामानरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या लेन्सच्या माउंटभोवती रबरी कडा आहे का बघा. आणि बॉडी तशी नसेल तर पावसात दोन्ही एका प्लॅस्टिकखालीच ठेवा.

## १०. परत देण्याची मुदत संपायच्या आत

नवी लेन्स घरी आली की आधी फिरायला नेऊ नका. परत द्यायची किंवा बदलून घ्यायची मुदत बिलावर बघा आणि त्या आत या चाचण्या उरका.

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाच्या अगदी समोर, भिंतीला समांतर ठेवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असतील, तर ते चालतं. एकच बाजू स्पष्टपणे धूसर असेल, तर कॅमेरा तिरका नव्हता ना हे पाहून पुन्हा काढा. तरीही तसंच आलं, तर भिंग आत सरकलेलं आहे. लेन्स बदलून घ्या.

मग फोकसची चाचणी. झूम पूर्ण ताणून, एका ठरावीक अंतरावरच्या स्थिर वस्तूचे ओळीने दहा फोटो काढा आणि प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा. सगळे फोटो सारखेच थोडे पुढे किंवा मागे फोकस झाले असतील, तर डीएसएलआरच्या ऑटोफोकस फाइन ट्यूनने ते सुधारता येतं. ही सोय निकॉन डी७००० मालिकेत किंवा कॅनन ८०डी सारख्या बॉडीत असते, डी५६०० किंवा २००डी मध्ये नसते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या काही लेन्सना वेगळ्या यूएसबी डॉकनेही ही दुरुस्ती करता येते. दहा फोटोंचा फोकस दहा ठिकाणी असेल, तर मात्र कुठल्याच ट्यूनिंगने उपयोग नाही.

चाचण्या पास झाल्या की ठेवायची सोय त्याच दिवशी करा. पॅडिंगची कॅमेरा बॅग पावसाळ्यात ओल धरून ठेवते, म्हणून लेन्स तिच्यात कायमची ठेवू नका. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर पुरतं. मीटर ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर गेलं की सिलिका जेल गरम करून वाळवा किंवा बदला. दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून थोडे फोटो काढा. पावसातून आल्यावर ती आधी पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच डब्यात ठेवा. ओली लेन्स बंद डब्यात गेली, तर बुरशी तिथेच धरते.